थॅलेसेमिया मेजर: पहिल्या पिशवीआधी काय, पिशवीच्या दिवशी काय आणि घरी काय, सगळं क्रमाने

"बाळाला थॅलेसेमिया मेजर निघालाय, उद्या रक्त चढवायला बोलावलंय, आता काय करू?" हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की एकदाच नीट लिहून काढते. थॅलेसेमिया मेजर म्हणजे आईबाबांकडून जनुकातून आलेला रक्ताचा आजार, यात शरीर पुरेसं हिमोग्लोबिन बनवत नाही म्हणून नियमित रक्त चढवावं लागतं, आणि त्या रक्तातून अंगात साठणारं लोह औषधाने काढावं लागतं. माझी लेक अकरा महिन्यांची असताना आम्हाला कळलं, आता ती नऊ वर्षांची आहे, आणि आम्ही जिथे जिथे चुकलो तिथेच नवीन आईबाबा पण चुकताना दिसतात. औषधं सगळीकडे तीच आहेत, गडबड होते ती क्रमाची. जे आधी करायचं ते नंतर होतं, आणि यातल्या काही गोष्टी नंतर करताच येत नाहीत.

मी डॉक्टर नाही. डोस, तारखा, औषध कुठलं हे तुमचे रक्तविकारतज्ज्ञच ठरवणार. त्यांना काय विचारायचं आणि घरी काय सांभाळायचं एवढंच इथे लिहितेय. ज्या मुलांना नियमित रक्त लागतं त्यांच्यासाठी हे आहे. मायनर म्हणजे नुसता वाहक असेल तर हे तुमच्यासाठी नाही, त्याला रक्तही लागत नाही आणि लोह काढायची औषधंही नाहीत.

टप्पा १: पहिली पिशवी लावण्याआधी

हा टप्पा सगळ्यात जास्त घाईत उरकला जातो. रिपोर्टमधे एचबी (हिमोग्लोबिन) ५ किंवा ६ दिसतं, घरात रडारड सुरू होते, सगळे म्हणतात आधी रक्त लावा, बाकीचं नंतर बघू. पण एकदा दात्याचं रक्त अंगात गेलं की मुलाचं स्वतःचं रक्त तपासणं अवघड होऊन बसतं. म्हणून सुई टोचली की पिशवी जोडण्याआधी तपासणीच्या नळ्या भरून घ्यायच्या, याला पाच मिनिटं पण लागत नाहीत.

नळ्या कशासाठी हव्यात ते सांगते.

पहिलं म्हणजे हिमोग्लोबिनचा एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे रक्तात कुठल्या प्रकारचं हिमोग्लोबिन किती आहे ते दाखवणारी तपासणी. निदान यावरच ठरतं. रक्त चढवल्यावर केला तर दात्याचं नॉर्मल हिमोग्लोबिन त्यात मिसळलेलं असतं आणि रिपोर्ट फसवा येतो, मग साधारण तीन महिने थांबा म्हणतात, आणि ज्या मुलाला दर महिन्याला रक्त लागतं त्याला तीन महिने थांबवणार कसं?

दुसरं, आईबाबा दोघांचा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एचपीएलसी. हा त्याच दिवशी देऊन टाका. दोघं वाहक निघाले की मुलाचं निदान पक्कं होतं आणि पुढच्या बऱ्याच गोष्टी यावर अवलंबून असतात.

तिसरं, डीएनए तपासणी, म्हणजे नेमका कुठला बदल जनुकात आहे ते. याचा रिपोर्ट यायला वेळ लागतो पण नमुना आत्ताच द्या, का ते टप्पा ८ मधे सांगते.

चौथं, आणि हेच आमचं राहिलं, रक्तगटाची सविस्तर तपासणी. ए, बी, ओ आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्ह एवढाच रक्तगट नसतो. लाल पेशीवर आरएचचे मोठा सी, छोटा सी, मोठा ई, छोटा ई असे प्रकार असतात, शिवाय केल, किड, डफी वगैरे. नेहमी रक्त घेणाऱ्या मुलाला निदान आरएचचे सगळे आणि केल जुळवून रक्त द्यावं असं आहे. ते जुळवायला आधी मुलाचे स्वतःचे प्रकार माहीत पाहिजेत. आम्हाला हे कुणी सांगितलं नाही आणि आम्हाला विचारायचं सुचलं नाही. दीड वर्षानी लेकीच्या रक्तात अँटीबॉडी, म्हणजे दात्याच्या लाल पेशींवर हल्ला करणारं प्रथिन, तयार झाल्याचं कळलं, तेव्हापासून तिच्यासाठी पिशवी शोधायला कधी कधी दोन दोन दिवस जातात. नंतर जनुकीय पद्धतीने तिचे प्रकार काढता आले, पण तयार झालेली अँटीबॉडी काही पुसता आली नाही.

पाचवं, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही यांची सुरुवातीची तपासणी. हिपॅटायटिस बी ची लस झालीये का तेही बघा, राहिली असेल तर लगेच सुरू करा.

आता रक्त कधी सुरू करायचं? एचबी ७ च्या खाली दोन वेळा, मधे दोन आठवड्यांहून जास्त अंतर ठेवून आलं, आणि ताप-संसर्गामुळे तात्पुरतं उतरलेलं नाहीये असं दिसलं, की सुरू करतात. एचबी ७ च्या वर असूनही मूल वाढत नसेल, चेहऱ्याची हाडं बदलायला लागली असतील, पोटातली प्लीहा (स्प्लीन) खूप वाढली असेल तरी सुरू करतात. म्हणजे नुसता आकडा बघून "अजून सात आहे ना, मग नको" असं घरी ठरवू नका.

सावध: मूल धापा टाकतंय, दूध पिताना दमतंय, सुस्त पडलंय अशी वेळ असेल तर तपासण्यांचे रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं नाही. नळ्या भरायच्या आणि रक्त सुरू करायचं.

सावध: लोहाचं टॉनिक बंद. रक्त कमी आहे म्हटल्यावर घरातलं कुणीतरी लोहाचं औषध सुचवतंच, आणि निदान व्हायच्या आधी बऱ्याच बाळांना ते चालू पण असतं. या आजारात लोह कमी नसतं, उलट पुढे जास्त होणार असतं. मल्टीव्हिटॅमिनच्या बाटलीवर पण लोह आहे का वाचा. फॉलिक ॲसिड वेगळं, ते डॉक्टर देतात ते चालू राहू दे.

तपासून बघा: एचपीएलसी, आईबाबांचे रिपोर्ट, डीएनए, सविस्तर रक्तगट, तीन विषाणू. पाचही नमुने गेले? मग पिशवी.

टप्पा २: वही करा, पहिल्याच दिवशी

मोबाईलमधे फोटो काढून ठेवतो असं सगळे म्हणतात आणि वर्षभरानी त्या फोटोंमधून काहीच सापडत नाही. एक जाड वही घ्या, एका पानावर एक पिशवीचा दिवस. तारीख, त्या दिवशीचं वजन, रक्त लावण्याआधीचं एचबी, किती मिली दिलं, पिशवीचा नंबर, किती वाजता सुरू आणि किती वाजता संपलं, काही त्रास झाला का.

मिली लिहायचं, "एक पिशवी" असं लिहायचं नाही. कारण वर्षाअखेरीस डॉक्टर हिशोब करतात की मुलाला किलोमागे वर्षभरात किती लाल पेशी लागल्या. निव्वळ लाल पेशींचा हा आकडा किलोमागे २०० मिलीच्या पुढे जायला लागला तर प्लीहा रक्त खातेय का, अँटीबॉडी झालीये का हे शोधावं लागतं. आमच्या लेकीची अँटीबॉडी वहीनेच पकडली. आधी चार आठवडे पुरणारं रक्त तीन आठवड्यांतच उतरायला लागलं होतं, वजन तेवढंच, मिली तेवढेच, आणि रक्तआधीचं एचबी पानागणिक ९.६, ९.१, ८.४. एकेक रिपोर्ट सुटा बघितला असता तर कुणाच्याच लक्षात आलं नसतं.

वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात: निदान, रक्तगट सविस्तर, अँटीबॉडी असेल तर तिचं नाव, चालू औषधं आणि डोस, ॲलर्जी. या पानाची झेरॉक्स आईच्या पर्समधे एक, बाबांच्या पाकिटात एक.

टप्पा ३: तारीख ठरवणं, चेहरा बघून नाही

ही चूक प्रेमापोटी होते. मूल खेळतंय, हसतंय, मग कशाला टोचायचं, आठवडाभर पुढे ढकलू. असं करत करत एचबी ७ वर येतं, तेव्हा कुठे मूल मलूल दिसतं. मुलांचं शरीर कमी एचबीची इतकी सवय करून घेतं की चेहऱ्यावरून कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

रक्त लावण्याआधीचं एचबी ९.५ ते १०.५ च्या आसपास राहील अशा अंतराने पिशव्या लावायच्या असं साधारण धोरण असतं. अंतर दोन ते पाच आठवडे, मुलाप्रमाणे. एवढं वर का ठेवायचं, तर एचबी खाली गेलं की हाडातला मगज जिवाच्या आकांताने पेशी बनवायला लागतो, त्या पेशी बहुतेक वाया जातात, पण मगज फुगतो, कपाळ आणि गालाची हाडं वर येतात, हाडं ठिसूळ होतात, प्लीहा वाढते आणि आतड्यातून लोह पण जास्त शोषलं जातं. एचबी वर राहिलं की मगज शांत राहतो.

उलटी चूक पण होते. "एकदाच भरपूर लावा म्हणजे जास्त दिवस पुरेल" असा आग्रह धरू नका. रक्त लावल्यावर एचबी १४-१५ च्या पुढे जायला नको, आणि एका बैठकीत किती मिली द्यायचं याला वजनाप्रमाणे मर्यादा असते, साधारण किलोला १० ते २० मिली. हृदय आधीच थकलेलं असेल, एचबी फार उतरलेलं असेल तर त्याहून कमी आणि हळू.

क्रॉसमॅचचा, म्हणजे पिशवीचं रक्त मुलाच्या रक्ताशी जुळतं का ते बघायचा, नमुना कधी द्यायचा हे ब्लड बँकेला विचारून वहीत लिहून ठेवा. गेल्या तीन महिन्यांत रक्त घेतलेल्या माणसाचा नमुना साधारण ७२ तासच चालतो. आठवडाभर आधी देऊन आलात तर परत टोचावं लागणार. आणि अँटीबॉडी असलेल्या मुलाचा नमुना अगदी त्याच दिवशी सकाळी दिला तर रक्त मिळेपर्यंत संध्याकाळ होते.

तपासून बघा: पुढची तारीख आजच, दवाखान्यातून निघायच्या आधी ठरली का?

टप्पा ४: पिशवीचा दिवस

सकाळी मुलाला भरपूर पाणी पाजा. तहानलेल्या मुलाची शीर सापडत नाही. अंघोळ कोमट पाण्याने, हात गरम राहतील असे कपडे. बधिर करणारं क्रीम डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर ते टोचायच्या साधारण तासभर आधी लावायचं असतं आणि वरून प्लास्टिकची पट्टी. दवाखान्यात पोचल्यावर लावलं तर काही उपयोग नाही. दोन जागी लावा, कारण पहिली शीर मिळेलच असं नाही.

शिरांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण या आयुष्यभर पुरवायच्या आहेत. हाताच्या मागच्या बाजूपासून सुरू करायचं, कोपर शेवटी. डावा-उजवा आलटून पालटून, कुठला हात झाला ते वहीत. एका सिस्टरना दोनदा जमलं नाही तर तिसऱ्यांदा दुसऱ्या कुणाला तरी बोलवा असं नम्रपणे सांगायचं. मला पहिली दोन वर्षं हे बोलायचा धीर झाला नाही, लेकीचा हात धरून मी नुसती उभी राहायचे. मग एकदा तिनेच, तीन वर्षांची असेल, मूठ उघडून दुसरा हात पुढे केला आणि म्हणाली इथे मिळते. बरोबर तिथेच मिळाली. तेव्हापासून टोचायच्या आधी आम्ही तिलाच विचारतो.

मुलाला "टोचणार नाहीत हं" असं कधीच सांगू नका. दुखेल, मोठे पाच आकडे मोजेपर्यंत दुखेल, मग थांबेल, असं सांगा. खोटं बोललात तर पुढच्या वेळी दवाखान्याचं दार दिसताच रडणं सुरू होतं.

पिशवी आली की जोडण्याआधी सिस्टर दोघी मिळून तपासतात. तुम्हीही बघा: नाव, रुग्ण क्रमांक, रक्तगट, पिशवीचा नंबर, मुदतीची तारीख. पिशवी लाल पेशींची आणि पांढऱ्या पेशी काढलेली आहे ना हे विचारा. पांढऱ्या पेशी राहिल्या तर ताप-थंडी जास्त येते. त्या रक्त साठवायच्या आधीच काढलेल्या असल्या तर उत्तम, तशी सोय नसेल तर फिल्टर लावून देतात. शक्यतो दोन आठवड्यांच्या आतलं रक्त मागा, ताज्या पेशी अंगात जास्त दिवस टिकतात.

सावध: आईबाबा, भावंडं, काका, मामा यांनी मुलाला स्वतःचं रक्त देऊ नये. सगळ्यांना वाटतं आपलंच रक्त सगळ्यात चांगलं. पण जवळच्या नात्यातल्या रक्ताने एक दुर्मिळ पण जीवघेणी गुंतागुंत होऊ शकते, आणि पुढे भावंडाकडून ट्रान्सप्लांट (बोन मॅरो म्हणजे हाडातल्या मगजाचं प्रत्यारोपण) करायची वेळ आली तर आधीच संवेदनशील झालेलं शरीर ते नाकारू शकतं. नातेवाईकांना सांगा, ब्लड बँकेत जाऊन रक्त द्या, पण या मुलाच्या नावाने नको.

पहिली पंधरा मिनिटं मुलाजवळून हलायचं नाही. पिशवी हळू सुरू होते, नाडी-ताप-बीपी सुरुवातीला आणि पंधरा मिनिटांनी बघतात. नेहमीचं रक्त साधारण तीन-चार तास चालतं, आणि फ्रीजमधून काढल्यापासून चार तासांत संपलंच पाहिजे, उरलं तर टाकून द्यायचं. मधे उशीर झाला म्हणून "परत फ्रीजला ठेवा" असं होत नाही. त्याच नळीतून सलाईनशिवाय दुसरं काही द्यायचं नाही, औषध पण नाही.

थंडी वाजली, ताप आला, अंगावर गांधी आल्या, पाठ किंवा छाती दुखते म्हणालं, धाप लागली, लघवी लाल-काळी झाली, किंवा लहान बाळ एकदम कारण नसताना किरकिरायला लागलं तर सिस्टरना लगेच हाक मारा. पिशवी आधी थांबवायची, कारण मग शोधायचं. "थोडं संपत आलंय, होऊ दे" असं अजिबात नको.

टप्पा ५: घरी आल्यावरचे दोन आठवडे

हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. रक्ताची प्रतिक्रिया पाच ते चौदा दिवसांनी पण येऊ शकते. डोळे पिवळे, लघवी गडद, बारीक ताप, आणि मूल परत फिकट. रक्त लावून आठवडाच झालाय, मग फिकट कसं, असं वाटलं की एचबी करा आणि अँटीबॉडीची तपासणी परत करायला सांगा.

टप्पा ६: लोह काढणं

इथे सगळ्यात जास्त घरं मागे पडतात, कारण लोह दिसत नाही आणि दुखत नाही.

हिशोब करून दाखवते. पिशवीतल्या एक मिलीत साधारण ०.६ ते ०.७ मिलीग्रॅम लोह असतं. दहा किलोच्या मुलाला दर चार आठवड्यांनी १५० मिली दिलं तर एका वेळेला जवळपास १०० मिलीग्रॅम, वर्षाला तेरा वेळा म्हणजे १३०० मिलीग्रॅम. मोठ्या माणसाच्या अख्ख्या शरीरात मिळून तीन ते चार हजार मिलीग्रॅम लोह असतं. म्हणजे तीन वर्षांत या चिमुकल्या जिवात मोठ्या माणसाएवढं लोह वरून ओतलं जातं, आणि शरीराकडे ते बाहेर टाकायची वाटच नाही. मोठं माणूस दिवसाला जेमतेम एक मिलीग्रॅम घालवतं. बाकीचं यकृतात, मग हृदयात, मग वाढीच्या आणि साखरेच्या ग्रंथींमधे जाऊन बसतं.

औषध कधी सुरू करायचं? साधारण १० ते २० वेळा रक्त झालं किंवा फेरिटिन (साठलेल्या लोहाचा अंदाज देणारी रक्ततपासणी) १००० च्या वर गेलं की, आणि वय सहसा दोनच्या पुढे. वहीत पिशव्या मोजत राहा. दहावी पिशवी झाली की डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

बहुतेक लहान मुलांना डेफेरासिरॉक्स मिळतं, आणि इथेच एक मोठी गफलत होते. हे औषध दोन रूपांत येतं. एक पाण्यात विरघळवायची गोळी, दुसरी फिल्म कोटेड गोळी. दोघींचे मिलीग्रॅम सारखे नाहीत. विरघळवायची ५०० म्हणजे फिल्म कोटेड ३६०. विरघळवायच्या गोळीचा डोस दिवसाला किलोला साधारण २० ते ४० मिलीग्रॅम, फिल्म कोटेडचा १४ ते २८. दुकानात एक रूप संपलं म्हणून दुसरं दिलं आणि घरी तेवढेच मिलीग्रॅम चालू ठेवले तर डोस सरळ चुकला. आमच्याकडे एकदा हे होता होता राहिलं, वहीतल्या पहिल्या पानावर गोळीचं रूप लिहिलेलं होतं म्हणून माझ्या नवऱ्याच्या लक्षात आलं.

विरघळवायची गोळी असेल तर ही पद्धत:

१. रोज एकाच वेळी, उपाशीपोटी, खाण्याच्या निदान अर्धा तास आधी.

२. पाण्यात, किंवा संत्र्याच्या-सफरचंदाच्या रसात. दुधात किंवा गॅस असलेल्या पेयात नाही. गोळी चावायची नाही, अख्खी गिळायची नाही.

३. चांगली ढवळायची, खडे राहिलेले नकोत. ढवळायला धातूचा चमचा नको, प्लास्टिकचा घ्या.

४. मूल प्यायलं की ग्लासाच्या तळाशी बघा. एक पांढरट थर चिकटलेला असतो, ते औषधच आहे. दोन घोट पाणी घालून ग्लास गोल फिरवायचा आणि तेही पाजायचं.

ही चौथी पायरी आम्ही पहिले पाच महिने केलीच नाही. फेरिटिन हलत नव्हतं, डोस वाढवायची बोलणी चालू होती, आणि मग एका सिस्टरनी सहज विचारलं की ग्लास दाखवता का कसा राहतो. मी रिकामा ग्लास नळाखाली धरायचे आणि तो थर मोरीत जायचा, रोज. स्टीलच्या ग्लासात तर तो दिसत पण नाही, काचेचा घ्या.

फिल्म कोटेड गोळी अख्खी गिळता येते, नाहीतर चुरून मऊ खाण्यावर भुरभुरवून लगेच द्यायची. उपाशीपोटी किंवा हलक्या खाण्याबरोबर चालते.

दुसरं तोंडाचं औषध डेफेरिप्रोन, दिवसातून तीनदा. याने लघवी लालसर होते, घाबरायचं नाही. पण पांढऱ्या पेशी अचानक खूप खाली जाऊ शकतात म्हणून सीबीसी वारंवार, सुरुवातीचे महिने तर दर आठवड्याला. डेफेरोक्सामिन हे त्वचेखाली पंपाने रात्रभर आठ ते बारा तास, आठवड्याचे पाच ते सात दिवस. त्यानेही लघवी तांबडी होते. पंपाची सुई रोज नव्या जागी लावायची, गाठ असलेल्या जागी नाही.

सावध: उलट्या-जुलाब, मूल पाणी पीत नाहीये अशी अवस्था असेल तर डेफेरासिरॉक्स थांबवा आणि डॉक्टरांना फोन करा, किडनीवर येऊ शकतं. बरं झालं की कधी सुरू करायचं तेही त्यांनाच विचारा, कारण थांबवलेलं औषध परत सुरू करायला विसरणं ही पण तितकीच नेहमीची चूक आहे. वहीत "थांबवलं" लिहिलंत तर "सुरू" ची रिकामी ओळ लगेच खाली आखून ठेवा.

सावध: व्हिटॅमिन सी च्या गोळ्या मनाने देऊ नका. साठलेलं लोह सुटं होऊन हृदयाला त्रास होऊ शकतो. ॲल्युमिनियम असलेलं ॲसिडिटीचं औषध डेफेरासिरॉक्सबरोबर नको.

आणि फेरिटिन कमी आलं म्हणून घरच्या घरी औषध बंद करायचं नाही. फेरिटिन तापात, संसर्गात उगाच वर जातं. एक आकडा बघून रडूही नका आणि पेढेही वाटू नका, तीन-चार रिपोर्टची चाल कुठे चाललीये ते बघा.

टप्पा ७: तपासण्यांचं वेळापत्रक

क्रिएटिनिन (किडनीसाठी), यकृताच्या तपासण्या आणि लघवीतलं प्रोटीन दर महिन्याला, डेफेरासिरॉक्स नवीन असेल किंवा डोस बदलला असेल तर आणखी लवकर. फेरिटिन दर तीन महिन्यांनी. उंची आणि वजन दर सहा महिन्यांनी तक्त्यावर, बसल्या उंचीसकट. डोळे आणि कान वर्षातून एकदा. हिपॅटायटिस, एचआयव्ही वर्षातून एकदा. साखर, थायरॉईड वगैरे नऊ-दहाव्या वर्षापासून.

हृदय आणि यकृतातल्या लोहासाठी एमआरआय टी टू स्टार करतात, मूल भूल न देता स्थिर पडू शकायला लागलं की, सहसा आठ ते दहा वर्षांच्या आसपास, लोह जास्त असेल तर आधी. हृदयाचा आकडा २० मिलीसेकंदाच्या वर हवा, १० च्या खाली म्हणजे धोका. इथे आकडा जास्त म्हणजे चांगलं, फेरिटिनच्या उलट, पहिल्यांदा रिपोर्ट हातात आला की हमखास गोंधळ होतो. मशीनमधे थोडा थोडा वेळ श्वास रोखायचा असतो. आम्ही पंधरा दिवस आधी घरी फरशीवर झोपून सराव केला, डोक्यावर पुठ्ठ्याचं खोकं आणि मोबाईलवर मशीनचा ठोठो आवाज लावून. पहिल्याच फेरीत झाला.

ताप आला तर काय हे फ्रीजच्या दारावर लावून ठेवा: लोह काढायचं औषध थांबवा, त्याच दिवशी डॉक्टर, डेफेरिप्रोन चालू असेल तर त्याच दिवशी सीबीसी. प्लीहा काढलेली असेल तर एक तास पण घरी थांबायचं नाही.

टप्पा ८: भावंडं, पुढचं मूल आणि ट्रान्सप्लांट

सख्खं भावंड असेल तर दोन तपासण्या. ते स्वतः वाहक आहे का, आणि एचएलए, म्हणजे ट्रान्सप्लांटसाठी जुळाव्या लागणाऱ्या पेशींवरच्या खुणा, जुळतंय का. जुळायची शक्यता प्रत्येक सख्ख्या भावंडामागे २५ टक्के. भावंड वाहक असलं तरी दाता होऊ शकतं. ट्रान्सप्लांट करायचाच असेल तर लहान वयात, यकृत खराब व्हायच्या आधी निकाल चांगले येतात, म्हणून एचएलए पहिल्या वर्षातच करून ठेवा, निर्णय नंतर घ्या. आणि आपल्याला ट्रान्सप्लांट करायचाच आहे म्हणून लोहाचं औषध ढिलं सोडणारी घरं मी बघितलीत, नेमकं त्याच घरांचं मूल ट्रान्सप्लांटच्या वेळी जास्त धोक्याच्या गटात जातं. जीन थेरपी काही देशांत मंजूर झालीये, तिची वाट बघत असाल तरी हेच लागू.

दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मेजरची शक्यता २५ टक्के, दरवेळी नव्याने. "एकाला झालंय, आता पुढची तीन ठीक" असं नसतं. गर्भाची तपासणी दहाव्या ते बाराव्या आठवड्यात होऊ शकते, पण त्यासाठी आईबाबांचे जनुकातले बदल आधीच माहीत पाहिजेत. म्हणून टप्पा १ मधला तो डीएनए नमुना. गरोदरपण कळल्यावर धावपळ केली तर रिपोर्ट येईपर्यंत आठवडे निघून जातात. काका, मावशी, आत्या, मामा यांनाही वाहक तपासणी करायला सांगा, लग्न आणि मूल व्हायच्या आधी. हे सांगताना घरात वाईटपणा येतो, आमच्याकडे पण आला, तरी सांगा.

टप्पा ९: घरात दुसरं माणूस तयार करा

सगळं आईच्या डोक्यात असतं आणि मग आई एक दिवस आजारी पडते. बाबा, आजी, मावशी, कुणीही एक जण निवडा. एका पिशवीच्या दिवशी वही त्यांच्या हातात द्या, क्रीम त्यांनी लावायचं, पिशवीचा नंबर त्यांनी वाचायचा, ग्लासाचा तळ त्यांनी बघायचा. तुम्ही सोबत जा पण खुर्चीत बसून राहा, काही चुकत असेल तरच बोला. घरी आल्यावर ते कुठे अडले ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहा, आणि पुढच्या महिन्यात परत त्यांनाच पाठवा.